चहाला बोलावलं, जेवायला वाढलं

मँचेस्टरला येऊन आठवा महिना चालू आहे आणि इथे मला सगळे अमेरिकन समजतात. बारा वर्षं न्यू जर्सीतल्या एडिसन गावात होते, तेव्हा दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारायचं, "पण तुम्ही मूळच्या कुठल्या?" इथे कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याची बाटली मागितली, तर गल्ल्यावरची बाई म्हणाली, "अमेरिकेहून का, लव्ह?" 'वॉटर'मधल्या 'ट'चा 'ड' एडिसनमध्ये कधी झाला, माझं मलाच कळलं नव्हतं. ('लव्ह'ने दचकू नका. बसचा ड्रायव्हरही म्हणतो. आपल्याकडच्या 'ताई'इतकंच ते.)

जन्म माझा इचलकरंजीचा. महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात आमच्या गावाला. नवऱ्याची बदली इकडे झाल्याचं कळवलं, तर आप्पा फोनवर म्हणाले, "म्हंजे गावातल्या गावातच बदली झाली की!"

त्यांच्या विनोदात तथ्य निघालं. शाळेत शिकलेलं इंग्रजी मी अमेरिकेत एकेक शब्द करून पुसून टाकलं होतं. लिफ्टचं एलिव्हेटर केलं, पेट्रोलचं गॅस केलं, तारखेत महिना आधी लिहायला लागले. आता सगळं उलट. तिथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, म्हणून इथल्या दवाखान्यात 'पहिल्या मजल्यावर या' असं सांगितल्यावर मी खालीच घुटमळत राहिले. दिव्याचं बटण तिथे वर केलं की लागतं, इथे आपल्यासारखं खाली. पहिला आठवडाभर हात चुकत होता. मग एका रात्री झोपेत उठले, अंधारात भिंत चाचपली आणि बोटाने न विचारता बटण खाली दाबलं. बाथरूमला मात्र आत बटणच नाही. छतातून दोरी लोंबते, देवळातल्या घंटेसारखी ओढायची.

'पॅन्ट'ने मात्र दगा दिला. मराठीत पॅन्ट, अमेरिकेत पॅन्ट, म्हणून मी निर्धास्त. पावसात भिजून ऑफिसात पोहोचले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, माझी पॅन्ट पार ओली झालीय. शांतता. इथे पॅन्ट म्हणजे आतली चड्डी. वरच्या वस्त्राला ट्राउझर्स म्हणायचं, हे एका सहकारिणीने नंतर कानात सांगितलं.

आमचं घर लेव्हन्झूममध्ये. स्पेलिंगमध्ये एक 'एल' जास्त आहे, तो लिहायचा, बोलायचा नाही. लाल विटांची एकमेकांना चिकटलेली घरं. कचऱ्याचे डबे चार: कागद-पुठ्ठ्याला निळा, काच-डबे-बाटल्यांना तपकिरी, खरकटं आणि बागेतल्या पाल्याला हिरवा, उरलेल्याला काळा. निळा आणि तपकिरी आलटून पालटून जातात, आणि या आठवड्यात कुठला हे माझ्या काही लक्षात राहत नाही. समोरच्या आजींच्या राहतं. त्यांना नावाने हाक मारायची असते, पण अमेरिकेत बारा वर्षं काढूनही ऐंशीच्या बाईला नावाने हाक मारताना माझी जीभ अडते. मनातल्या मनात आजीच.

त्या एकदा म्हणाल्या, "गुरुवारी साडेपाचला टीला या." मी खूश. चहा-बिस्किटं, फार तर केक. घरी आमटी-भात करून ठेवला, बिस्किटांचा पुडा घेतला, गेले. टेबलावर काटे-चमचे मांडलेले. पाठोपाठ मटार, कुस्करलेला बटाटा आणि चीज-कांद्याचा भला मोठा 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेली पेस्ट्री. उत्तरेकडे 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण, आणि 'डिनर' दुपारी! बिस्किटांचा पुडा मी पर्सच्या तळाशी ढकलला. आजींच्या नजरेतून सुटला नाही. जेवणानंतर खरा चहा आला तेव्हा म्हणाल्या, "काढा आता तो."

चहावर गावाचा विषय निघाला. मी म्हटलं, आमच्याकडे घरोघरी माग. गल्लीतून जाताना धोट्याची खटखट पायांत जाणवते. आप्पांचा जन्म कारखान्यात गेला, त्यामुळे ते फोनवरही असे ओरडून बोलतात की फोन हातभर लांब धरावा लागतो. आजी हसल्या नाहीत. त्यांची आई लँकेशायरमध्ये विणकाम खात्यात होती. त्या गोंगाटात ओरडून काही ऐकू येत नसे, म्हणून बायका आवाज न काढता, ओठ मोठे मोठे हलवून बोलत. 'मी-मॉ' म्हणायचे त्याला. आई घरीही तशीच बोले, विशेषतः शेजाऱ्यांबद्दल. आजींनी करून दाखवलं. एक शब्द कानावर आला नाही, पण कुणाची तरी यथेच्छ निंदा चाललीय एवढं कळलं.

कापसाचा धागा इथे कुठेही सापडतो. ऑफिसच्या वाटेवर लिंकन स्क्वेअर आहे, तिथे लिंकनचा पुतळा. अमेरिकन म्हणून मला आधी त्याचाच अचंबा वाटला. 1861 मध्ये तिकडे यादवी सुरू झाली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि इथल्या गिरण्यांचा कापूस आटला. कामगारांची उपासमार झाली. तरी 31 डिसेंबर 1862 ला मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून लिंकनना लिहिलं की गुलामगिरीविरुद्ध आम्ही तुमच्या बाजूने आहोत. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1863 मध्ये, त्यांनी उत्तर लिहिलं. याच टंचाईत मुंबईच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले आणि 1865 ला युद्ध संपताच मुंबईत भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. माझे तिन्ही देश एका गाठोड्यात, आणि बारा वर्षं अमेरिकेत राहून मला याचा पत्ता नव्हता.

परवा सकाळी डबा बाहेर काढायला गेले. पाऊस धो धो. पाठीमागे 192 नंबरच्या बसचा घरघराट. समोर खिडकीत आजी. मी निळा डबा दाखवून खांदे उडवले. त्यांनी काच न उघडता ओठ आडवे-उभे ताणले, सावकाश, दोनदा.

ब्राउन.

मी निळा आत नेला.