फुलांची दरी: जून ते ऑक्टोबरच्या नोंदी, आणि काही रिकामे रकाने

‘दरीत नेमकं कधी जायचं?’ हा प्रश्न उन्हाळा लागला की येतोच. पूर्वी मी ‘ऑगस्ट’ म्हणून मोकळा व्हायचो. आता झाडाफुलांच्या नोंदींची वही उघडावी लागते, आणि विचारणाऱ्याला चहा संपेपर्यंत बसवून ठेवावं लागतं.

नवीन मंडळींसाठी आधी थोडकं. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं हे राष्ट्रीय उद्यान ८७.५ चौरस किलोमीटरचं आणि १ जून ते ३१ ऑक्टोबर एवढंच उघडं. गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप, पुढे घांगरियापर्यंत पायी किंवा खेचरावर. आत मुक्काम करता येत नाही. सकाळी चेकपोस्टवर नोंद करून शिरायचं आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडायचं. त्यामुळे तळ घांगरियात, सुमारे ३००० मीटरवर, आणि रोजची चाल पायांना ठरलेलीच.

जूनमध्ये वाट मध्येमध्ये बर्फावरूनच जाते. गेल्या वर्षीचं गवत झोपलेलं असतं, दरी तपकिरी दिसते आणि पोस्टरवरचे गालिचे शोधत आलेले लोक चिडून परततात. आपल्यासारख्या नोंदी ठेवणाऱ्यांना मात्र भरपूर काम असतं. कातळाच्या फटींत पाषाणभेदाचे गुलाबी घोस, झाडीच्या वरच्या कडेला फिकट जांभळे ऱ्होडोडेंड्रॉन.

नोंदवहीची पद्धत बदलली ती घळींमुळे. वाट ज्या घळी ओलांडते त्यांत हिमस्खलनाचा बर्फ साठलेला असतो आणि तो जुलैतही टिकतो. वाटेवर उभं राहून त्याच्या कडेकडे नीट बघा. बर्फाला लागून नुसता काळा चिखल. त्याच्या पुढे लालसर कोंब. आणखी थोडं पुढे प्रिम्युला ऐन बहरात. आणि जिथला बर्फ कधीच वितळून गेला तिथे गुडघाभर हिरवळ, जिरॅनियमच्या कळ्या धरलेली. एका नजरेच्या टप्प्यात दीड-दोन महिने मांडून ठेवलेले! इथे झाडांचा हंगाम सुरू होतो तो बर्फ उठला की, कॅलेंडर काय म्हणतं त्याला फारशी किंमत नाही. म्हणून माझ्या तक्त्यात तारखेशेजारी आता आणखी दोन रकाने असतात: उंची, आणि जवळच्या बर्फापासूनचं अंतर. त्यानंतर जुन्या नोंदींतल्या बऱ्याच विसंगती आपोआप सुटल्या. एकच फूल एका वर्षी ‘लवकर’ आणि दुसऱ्या वर्षी ‘उशिरा’ लिहिलेलं होतं, आणि फरक निव्वळ घळीचा होता.

जुलै-ऑगस्टचा पाऊस सह्याद्रीसारखा झोडपत नाही. तासन्‌तास भुरभुरतो आणि लेन्सवर धुकं बसवतो. निळ्या खसखशीसाठी, म्हणजे मेकोनॉप्सिस ॲक्युलिआटासाठी, हेच हवामान उत्तम. उन्हात तिचा निळा रंग फोटोत फिका पडतो, ढगाळ उजेडात बरोबर उतरतो. ती दगडांच्या सांदीत वाढते, अंगभर काटे, पाकळ्या मात्र रेशमी. ऑगस्टमध्ये इम्पेशन्स सल्काटाचे गुलाबी पट्टे पसरतात. गौरींना तेरडा वाहणाऱ्यांना ओळख करून द्यायला नको, आपल्या कासच्या तेरड्याचा हा पुरुषभर उंचीचा भाऊबंद. त्याच्या शेजारी पांढऱ्या फुलोऱ्याचं पॉलिगोनम दिसतं. ते छान वाटलं तरी इतर झाडांना दाबत जातं, आणि वनविभाग दरवर्षी ते उपटतो. १९८२ मध्ये उद्यान झालं, मेंढ्यांची चराई थांबली आणि म्हणून हे माजलं, असं एक मत आहे. अभ्यासकांत त्यावर वाद आहे. नुसत्या डोळ्यांनी बघून निकाल देणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही, त्यात मीही आलो.

याच दिवसांत एक दिवस हेमकुंडची, म्हणजे शिखांच्या तीर्थक्षेत्राच्या सरोवराची, चढण काढा. ते उद्यानाच्या हद्दीबाहेर, सुमारे ४३०० मीटरवर. ब्रह्मकमळासाठी दरीत वेळ घालवू नका, ते तिथे वर भेटतं. कागदी, पिवळट-हिरव्या आवरणांत जांभळा गुच्छ.

माझा आवडता महिना सप्टेंबर, आणि त्याबद्दल कोणीच लिहीत नाही. गर्दी ओसरते आणि बिया धरतात. तेरड्याची बोंडं बोट लागताच फुटतात, जिरॅनियमला चोचीसारखी फळं येतात, एपिलोबियमचा कापूस उडू लागतो, जांभळा बचनाग अजून उभा असतो. ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ १९३१ मध्ये कामेट शिखरावरून उतरताना योगायोगाने इथे पोचला आणि १९३७ मध्ये मुद्दाम परत येऊन त्याने बिया गोळा केल्या. आपण बिया उचलायच्या नाहीत, पण बोंडांचे फोटो तरी काढूया. फुलावरून ओळखणारे ढिगाने सापडतात, बोंडावरून ओळखू शकणारे फार थोडे. माझ्या ‘बोंडं’ फोल्डरमध्ये अजून निम्म्याहून जास्त फोटो नावाविना पडलेत.

ऑक्टोबरात भोजपत्र पिवळं होतं, सकाळी दहिवर पांढरं पडतं आणि दरीच्या टोकाला रताबनचं शिखर स्वच्छ दिसतं. वनस्पतींच्या नोंदी दोन पानांत आटोपतात. पुढे फाटक बंद, घांगरिया रिकामं, माझे रकाने कोरे.

पुढच्या खेपेला जूनचा दुसरा पंधरवडा धरतोय, सिप्रिपीडियम या छोट्या ऑर्किडसाठी. ते माझ्या यादीत अजून नाही. तोवर एक मागणं: तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर दरीतल्या जोन लेग यांच्या थडग्यापाशी उभं राहून समोरच्या उताराचा एक साधा मोबाइल फोटो काढा. त्या १९३९ मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानासाठी झाडं गोळा करताना घसरून गेल्या. थडगं जागचं हलत नाही, म्हणून वेगवेगळ्या वर्षांच्या फोटोंतला बर्फ तिथून ताडून बघता येईल. फोटोवर तारीख आणि वेळ असली की पुरे, फूल नसलं तरी चालेल.