चोएंग एक बघायला जाताय?

चोएंग एक ही कंबोडियातली सामूहिक कत्तलींची जागा, आता स्मारक आहे. तिथे थेट जाऊ नका. आधी राजधानी फ्नॉम पेन्हमधलं तुओल स्लेंग संग्रहालय बघा. मूळची ही शाळा. ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत (१९७५–७९) तिथे एस-२१ हा तुरुंग झाला. इथले कैदी रात्री ट्रकमध्ये भरून चोएंग एकला नेत आणि मारत. भिंतींवरचे त्यांचे फोटो आधी बघितले असले, की पुढे काचेआडच्या कवट्यांकडे नुसती हाडं म्हणून बघणं जमत नाही.

अंतर साधारण १५ किलोमीटर. टुकटुकवाल्याशी जाऊन-येऊन आणि थांबण्याचे पैसे आधीच ठरवा. आत दोन तास तरी लागतात. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे आणि पटकन काढता येतील अशा चपला हव्यात. ऑडिओ गाइडचे पैसे वाचवू नका. जागेवर उरलंय फार थोडं, बहुतेक ठिकाणी नुसते खड्डे आणि गवत. ऐकल्याशिवाय काही कळत नाही.

कवट्या ठेवलेला स्मारक-स्तूप शिरल्याशिरल्या समोर दिसतो, म्हणून बरेच जण आधी तिकडेच वळतात. तो शेवटी ठेवा. १२९ सामूहिक कबरींपैकी ८६ कबरी १९८० मध्ये उकरल्या, ८,९८५ जणांचे अवशेष निघाले. उरलेल्या तशाच आहेत. त्यामुळे पावसाळ्यात माती धुपली की हाडं, दात, कपड्यांच्या चिंध्या अजून वर येतात. आखलेल्या वाटेवरूनच चाला. काही दिसलं तर हात लावू नका, कर्मचाऱ्यांना सांगा. ते गोळा करून ठेवतात.

१९८८ च्या या स्तूपात काचेआड कवट्या-हाडांचे १७ थर आहेत. आत जागा अरुंद, मागून माणसं येत राहतात, आणि लोक मान वर करून एक फेरी मारतात नि बाहेर पडतात. त्यापेक्षा आधी तिथला रंगांचा तक्ता वाचा. कवट्यांवर रंगीत टिकल्या चिकटवल्यात. वय, लिंग आणि कशाने मारलं ते त्यावरून कळतं. गोळ्या वाचवायच्या म्हणून कुदळ, लोखंडी दांडा, बांबू असलं हाताला येईल ते वापरलेलं. मग एकाच थरासमोर थांबा. डोक्याच्या मागच्या बाजूची भेग किंवा भोक नीट बघा.

हे असं मांडावं का, हा वाद जुनाच. बौद्ध रीतीनं दहन व्हायला हवं, असं कंबोडियाचे राजे सिहानूक यांचं म्हणणं होतं. पुरावा म्हणून हाडं ठेवली गेली. मला ठेवलीत ते पटतं, पण सेल्फी काढणारे बघितले की सिहानूकांचं म्हणणंही पटायला लागतं.

बरोबर लहान मुलं असतील तर तान्ह्या बाळांना ज्यावर आपटून मारलं ते झाड वाटेतच लागतं, हे आधी लक्षात घ्या. स्तूपात जाववत नसेल तर बाहेरच फूल-उदबत्ती वाहता येते.