उंदीर परत आला

आज पुन्हा गुंडूने, आमच्या रॉयल पायथन जातीच्या पाळीव अजगराने, तोंड फिरवलं. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवलेला उंदीर सकाळी पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवला, शेवटी हेअर ड्रायरने त्याचं डोकं जरा जास्तच तापवलं. गुंडूच्या ओठांवर जे बारीक खळगे असतात त्यांना ऊब कळते, म्हणून. लांब चिमट्याने समोर धरला. त्याने एकदा-दोनदा जीभ बाहेर काढली आणि सावकाश मागे सरकत हाइडमध्ये, म्हणजे त्याच्या लपायच्या खोपटात, गेला. रुसलेल्या जावयासारखा. मी चिमटा धरून तशीच उभी, आणि डोळ्यांत पाणी. एका उंदरापायी!

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडून पाहिलं होतं. आत चिकटा नाही, श्वासाला शिट्टी नाही, अंगावर माइट्स नाहीत, डोळ्यांवर जुनी कात अडकलेली नाही. सप्टेंबरात वजन १४५० ग्रॅम होतं, आता १३९०. म्हणजे चार टक्के. दहाच्या पुढे गेलं तर लगेच आणा म्हणाल्या. वयात आलेला नर, त्यात थंडीचे दिवस. रॉयल पायथन असे महिनोन्‌महिने उपाशी बसतात म्हणे, आणि धडधाकट असतात. पेटीची गरम बाजू ३२ अंश, थंड बाजू २५, आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास, सगळं त्यांनी विचारून घेतलं. सगळं ठीक आहे. पंधरा दिवसांतून एकदा दाखवा, नाही घेतलं तर उचला, बाकी त्याला एकटं सोडा.

काहीच बिघडलेलं नाही, हेच मला पचत नाहीये. थर्मोस्टॅट बिघडला असता तर नवा आणला असता. कात टाकायची वेळ असती, डोळे दुधाळ झाले असते, तर म्हटलं असतं, बरोबर आहे, आत्ता कसा खाईल. आमच्या घरात 'जेवत नाही' म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागायचं. ताप आहे, बाहेर खाऊन आलोय, भांडण झालंय. काहीतरी. हा नुसता मागे सरकतो.

सांगलीला आई शेवटी शेवटी चमचा पुढे केला की अशीच मान... असो.

चिरंजीवांचा फोन आला. पहिला प्रश्न, "खाल्लं का गं त्याने?" नाही म्हटलं तर म्हणे, "मग राहू दे ना. तू स्ट्रेस देऊ नकोस त्याला." मी स्ट्रेस देते! उकडीच्या मोदकांच्या डब्याशेजारी, जन्मात अंडं न शिवलेली मी, फ्रीजरमध्ये उंदरांची पाकिटं रचते, आणि स्ट्रेस मी देते. 'आई, तू जेवलीस का' हे विचारायची पद्धत बहुतेक मँचेस्टरला नसावी. तू काय खाल्लंस विचारलं तर "खाल्लं काहीतरी." म्हणजे तिकडेही तेच.

माझ्या हातचं परत आलं की मला इतकं का लागतं, हे काही सुटत नाही. बरं, हातचं तरी कुठलं? उंदीर दुकानातला.

आजी नागपंचमीला मातीच्या नागापुढे दूध-लाह्या ठेवायची. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, पुरणाची दिंडं उकडायची. साप दूध पीत नाही, हे शाळेत ऐकून आले आणि मोठ्या ऐटीत तिला सांगितलं. ती दिंडं वळता वळता म्हणाली, "पितो असं कुठं म्हटलं मी? आपण ठेवायचं." आणि वाटी उचलून मांजराला घातली.

नवऱ्याला हे सांगितलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "तीसेक वर्षं जगू शकतात हे लोक. तुला अजून पुष्कळ नैवेद्य दाखवायचेत." मला हसू आलं. हा कधीतरी बरोबर बोलतो.

वितळवलेला उंदीर पुन्हा गोठवता येत नाही. गुंडाळून केराच्या डब्यात टाकला, कॅलेंडरवर 'गुं. – नाही' लिहिलं आणि पंधरा दिवसांनंतरच्या तारखेला गोल केला. मग स्वतःपुरतं पिठलं टाकलं, चांगलं लसूण घालून, आणि गरम भाताबरोबर फोटो काढून चिरंजीवांना पाठवला.

"यम," आणि खाली लगेच, "त्याचं वजन केलंस का आज?"

नाही केलं. एकटं सोडलंय त्याला, असं कळवलं.