तुम्ही विचारलंत म्हणून : उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी मी करते काय

"या वीकेंडला कुठे?" मार्च लागला की हा प्रश्न सुरू होतो. पुण्याची मावसबहीण फोनवर विचारते, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, आणि कुठे नाही, घरीच, असं म्हटलं की पुढचा ठरलेला, अगं मग दिवसभर करतेस काय, कंटाळा नाही येत? इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदा नीट बसून लिहूनच टाकावं.

मी वाईला राहते, नोकरी बँकेत. 2015 च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, म्हणजे शनिवार-रविवार जोडून महिन्यातून दोनदाच मिळतात. एप्रिल-मे मिळून झाले चार. ते चार मला हॉटेलच्या चेक-इनच्या रांगेत घालवायचे नाहीत, आणि तसंही मे महिन्यात अख्खं पुणे-मुंबई आमच्याच दारावरून पाचगणी-महाबळेश्वरला जात असतं, पसरणीच्या घाटात गाड्या मुंगीच्या पावलाने चढत असतात, तेव्हा आम्ही उलट दिशेला कुठे जायचं?

सकाळ सासूबाईंची. कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, एका रविवारी साखरांबा. कुरडयांसाठी गहू तीन दिवस आधीपासून भिजत असतात, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा आणि तो शिजला की गरम गरम वाटीत घेऊन वर थोडं तेल घालून खायचा. माझ्या मुलाला कुरडया फारशा आवडत नाहीत पण चीक म्हटलं की तो सातला उठतो. दहा वाजता गच्ची तापते आणि आमचं काम संपतं.

मग दुपार. आता खरं सांगायचं तर मी उन्हाळ्याची वाट बघते ती या दुपारींसाठी. बारा ते पाच कोणी कोणाकडे जात नाही, फोन वाजत नाही, पंखा फुल स्पीडवर आणि खिडकीला ओला पंचा. या वेळात मी मराठी विश्वकोश वाचते. हसू नका, खरंच वाचते. विश्वकोशाचं काम आमच्या वाईतच चालायचं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, पहिला खंड 1976 ला आला आणि विसावा 2015 ला. जवळजवळ चाळीस वर्षं! माझ्या जन्माच्या आधी सुरू झालेलं काम मी नोकरीला लागून कितीतरी वर्षं झाल्यावर पूर्ण झालं. आता सगळं नेटवर फुकट आहे, पण माझ्याकडे तीनचार जाडजूड खंड आहेत, जुन्या पुस्तकांत मिळालेले, आणि वाचायचे तर तेच. प्रत्येकाच्या पाठीवर पहिली आणि शेवटची नोंद छापलेली, 'अंक ते आतुरचिकित्सा', 'एबिंगहाउस ते किसांगानी'. किसांगानी हे काँगो नदीकाठचं शहर आहे हे मला त्या पाठीवरच्या नावामुळे कळलं. शेजारशेजारच्या नोंदींचा एकमेकींशी काही संबंध नसतो, फक्त अक्षर जवळचं, त्यामुळे एक शोधायला जावं आणि तासाभराने आपण भलतीकडेच पोचलेलो असतो. पाठ करायचं नाही, कोणाला सांगायचंही नाही. अशा वाचनाची मला फार भूक असते कारण आठवडाभर मी जे वाचते ते सगळं सही करण्यासाठी वाचते.

फिरणं अगदीच नाही असं नाही हं. दोन जागा ठरलेल्या. एक मेणवली, वाईपासून तीनेक किलोमीटर, सकाळी सहाला स्कूटरवर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, आणि मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगलेली ती मोठी घंटा. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही एक, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. उन्हाळ्यात कृष्णेला पाणी कमी असतं, घाटाच्या एरवी बुडालेल्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांच्यावर बसून थर्मासमधला चहा. सात वाजता परत.

दुसरी जागा भिलार. पुस्तकांचं गाव म्हणून 4 मे 2017 ला सुरू झालं, तेव्हा पंचवीस ठिकाणी मिळून पंधराएक हजार पुस्तकं ठेवली होती. इथे कविता, तिथे संतसाहित्य, पलीकडे बालसाहित्य, आणि ही घरं म्हणजे लोकांची राहती घरं, ओसरीत खुर्च्या टाकलेल्या, जाऊन बसायचं आणि वाचायचं, पैसे नाहीत. सकाळच्या एसटीने पाचगणी (आता लेडीजना अर्धं तिकीट), तिथून वडापच्या जीपने पाच किलोमीटर, घाटात गर्दी व्हायच्या आत वर आणि जेवायच्या आत खाली. मी चरित्रं वाचत बसते, पोरगा आपला बालसाहित्याच्या घरात. एकदा मी वाचत असताना आतून मावशींनी न विचारता करवंदांची वाटी आणून ठेवली. काही बोलल्या नाहीत, ठेवली आणि गेल्या.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. मी मोडी लिपी शिकतेय.

माहेरी एक पत्र्याची ट्रंक होती, भाऊ रद्दीत देणार होता, मी म्हटलं मला दे. आत सगळे मोडीतले कागद. दहा दिवसांचा एक वर्ग केला आणि पुढे घरीच सराव. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायची, हात न उचलता. ह्रस्व-दीर्घाची भानगड नाही. शब्द तोडलेले नसतात, सगळी ओळ एक सलग माळ, त्यामुळे कुठे शब्द संपला हे अर्थावरून ठरवायचं आणि अर्थ तर शब्द कळल्याशिवाय लागत नाही. एका ओळीला एक दुपार जाते. म्हणून म्हणते, हा छंद उन्हाळ्याच्या दुपारीच जमतो, ऑफिसातून आल्यावर रात्री अर्ध्या तासात नाही होत.

गेल्या वर्षी एका कागदावर तीन रविवार बसले होते. गहाणाचा कागद. दोन पाटल्या ठेवून पैसे घेतलेले, कशासाठी तर विहिरीच्या बांधकामासाठी. एक शब्द सुटेना, 'कोम'. वर्गातल्या सरांना फोटो पाठवला, ते म्हणाले, 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, तसं 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. मग त्या शब्दाच्या पुढे होतं माझ्या पणजोबांचं नाव, आणि आधीचं नाव मी जन्मात कधी ऐकलेलं नव्हतं. पणजीचं. आमच्याकडे तिला सगळे 'मोठी आई'च म्हणायचे, फोटो नाही, काही नाही. आणि ती विहीर तर पणजोबांनी बांधली असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पैसा तिच्या हातातल्या पाटल्यांचा होता हे कुणालाच माहीत नाही. मी त्या दुपारी तो कागद हातात घेऊन किती वेळ बसले होते कोण जाणे, चहाची वेळ टळली, सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या. (नाव इथे लिहीत नाही, ते आधी घरातल्यांना सांगायचंय एकेकाला.)

यंदा मेच्या चौथ्या शनिवारी तो कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून माहेरी गेले, एसटीने दीड तास. आत्या आता ऐंशीच्या पुढे. तिला ओसरीवर बसवून सगळा कागद मोठ्याने वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, नाव परत वाच. वाचलं. आणखी एकदा वाच. वाचलं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही दोघी विहिरीवर गेलो, हळूहळू, तिच्या काठीच्या चालीने. पाणी पार तळाला गेलेलं, पण होतं. कठड्यावर हात ठेवून आत्या बराच वेळ आत बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "त्या पाटल्या सोडवल्या का गं मग तिने?"

ते मला अजून माहीत नाही. ट्रंकेत सत्तरेक कागद राहिलेत.