मार्च एंडिंगनंतरचं ग्राफिक्स कार्ड

“ताई, मुलासाठी का?”

“नाही, माझ्यासाठी.”

काउंटरवरचा पोरगा क्षणभर गडबडला आणि मग सगळ्यांसमोर ठेवतो तो डबा त्याने माझ्यासमोर ठेवला. गेम खेळायला लागणारं ग्राफिक्स कार्ड, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५०. मी विचारलं, मेमरी आठ जीबी की सहा? तो म्हणाला, “सहा. लेटेस्ट आहे.”

लेटेस्ट आहे हे खोटं नव्हतं. आठ जीबीवाली ३०५० जानेवारी २०२२ मध्ये आली आणि सहावाली फेब्रुवारी २०२४ मध्ये. पण नंतर आलेली ही धाकटी सगळ्याच बाबतींत धाकटी आहे. कोअर (चित्राचे हिशेब करणारे छोटे भाग) २५६० वरून २३०४, मेमरीचा बस (डेटा ये-जा करायचा रस्ता) १२८ बिटवरून ९६ बिट, आणि बँडविड्थ, म्हणजे त्या रस्त्याने जाणारा डेटा, सेकंदाला २२४ जीबीवरून १६८. डब्यावर मोठ्या अक्षरांत मात्र तेच ३०५०. मी पोटापाण्यासाठी अकाउंट्स बघते. एकाच नावाच्या दोन पार्ट्या लेजरमध्ये असल्या की नावावर विसंबून एंट्री मारायची नसते, जीएसटी नंबर बघायचा असतो. स्वस्तातल्या कार्डांचंही तसंच आहे.

त्या सहा जीबीवालीची बाजूही सांगते, कारण तिला उगाच शिव्या पडतात. ती फक्त ७० वॅट खाते, त्यामुळे बहुतेक मॉडेलांना एसएमपीएसपासून (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यापासून) वेगळी वायर लागत नाही. ऑफिसमधून निघालेला जुना ब्रँडेड डेस्कटॉप घेऊन त्यात कार्ड बसवायचं असेल, तर तीच घ्या. माझं मशीन मात्र नवं होतं: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस. या प्रोसेसरमध्ये इनबिल्ट ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड येईपर्यंत स्क्रीन काळीच. मॉनिटर १०८० पिक्सेलचा, १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १०० फ्रेम (चित्रं) दाखवणारा. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण मॉनिटर १०० च्या वर दाखवणारच नसेल तर १६० फ्रेम काढणाऱ्या कार्डाचे पैसे कशाला मोजायचे?

बजेट २२,००० रुपये, पक्क्या बिलासकट. १८ टक्के जीएसटीच्या हिशेबाने त्यातले ३,३५६ रुपये सरकारचे. “बिल नको असेल तर कमी करून देतो” ही ऑफर सगळीकडे मिळते. पण पुढे वॉरंटीचं काम निघालं की सिरियल नंबरसोबत आधी बिलच मागतात. वाचलेले पैसे तिथे निघून जातात.

सेकंडहँडचा विचार मी केला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर गणितं चालवून ते चलन कमावणं) बंद पडलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यांतली एएमडीची आरएक्स ५८० अजून फिरते. तिथेही नावाचाच घोळ आहे, कारण २०४८ एसपी अशी शेपटी असलेली एक ५८० आहे आणि ती मूळच्या २३०४ कोअरवालीपेक्षा कमी. वर “टेस्टिंग वॉरंटी”, म्हणजे दुकानात चालून दाखवलं की त्यांची जबाबदारी संपली. सोडून दिलं.

खरी चुरस होती इंटेलची आर्क बी५८० आणि एएमडीची आरएक्स ६६०० या दोन कार्डांमध्ये. बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये आली. १२ जीबी मेमरी, १९२ बिटचा बस, अमेरिकेत किंमत २४९ डॉलर. कागदावर तिच्यासमोर कुणी उभंच राहत नव्हतं. पण जानेवारीत परीक्षणं करणाऱ्यांनी ती महागड्या प्रोसेसरवरून काढून साध्या प्रोसेसरवर लावून पाहिली, तेव्हा काही गेममध्ये ती चांगलीच ढेपाळली. तिचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरकडून फार काम करून घेतो. ज्या प्रोसेसरांवर हे दिसलं त्यांत माझा ५६०० होता! शिवाय रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर ती घेऊच नये. माझ्या बोर्डावर तो आहे, पण जुन्या बोर्डवाल्यांनी आधी बायोस, म्हणजे बोर्डाची मूळ सेटिंग, तपासावा. आणि आमच्याकडे तिचा भाव बजेटच्या वरच होता.

अजून एक मुद्दा पुण्या-मुंबईच्या यूट्यूबवाल्यांच्या लक्षात येत नाही. कार्ड जेवढे वॅट खातं तेवढी उष्णता खोलीत सोडतं. बी५८० चे १९० वॅट, ६६०० चे १३२. मे महिन्यात अकोल्यात पारा ४४ च्या पुढे असताना हा फरक अंगाला जाणवतो. (कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवायचं डोकं लढवू नका, ती हवा दमट असते.)

म्हणून एप्रिलमध्ये, मार्च एंडिंगची धावपळ उरकल्यावर, ६६०० घेतली. ऑक्टोबर २०२१ चं कार्ड, ८ जीबी, १२८ बिट. ३०५० च्या दोन्ही भावंडांपेक्षा सरळ वेगवान. कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारं एनव्हिडियाचं डीएलएसएस मिळत नाही, एएमडीच्या एफएसआरवर भागवावं लागतं, आणि रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश दाखवणारं, कार्डाला जड जाणारं तंत्र) मी बंदच ठेवते. हे कार्ड पीसीआयईच्या (बोर्डावरच्या कार्डाच्या खाचेच्या) आठच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं, पण बी५५० वर त्याने काही अडत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र चारच लेनची आणि चार जीबीची. पीसीआयईच्या जुन्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ती आणखी मंदावते, आणि गेम रेकॉर्ड करायला हार्डवेअर एन्कोडरही (व्हिडिओ बनवणारा कार्डातला खास भाग) नाही. ती कितीही स्वस्त सांगितली तरी घेऊ नका.

ड्रायव्हर टाकल्यावर पहिलं काम केलं ते फ्रेमला ९७ ची मर्यादा घालायचं. हलक्या गेममध्ये कार्ड उगाच धावत नाही, पंखा शांत राहतो, खोलीही कमी तापते. रेड डेड रिडेम्प्शन २ ला ही मर्यादा गाठायची वेळ येत नाही, पण सेटिंग जरा खाली घेतली की ते साठच्या वर निवांत चालतं.

किती वर्षं पुरेल असं नवऱ्याने विचारलं. २०२४ च्या इंडियाना जोन्सच्या गेमची किमान गरजच आरएक्स ६६०० अशी लिहिलेली आहे, म्हणजे नव्या मोठ्या गेमांसाठी मी आत्ताच शेवटच्या पायरीवर आहे. पण सेलमध्ये घेऊन ठेवलेले आणि उघडूनही न पाहिलेले जुने गेम लायब्ररीत इतके पडलेत, की तूर्त मला नव्या गेमची घाई नाही.