तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्यात अ‍ॅनेस्थेशियाची सीट घ्यावी का?

मी भूलतज्ज्ञ. नीट-पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की मला फोन सुरू होतात. सोसायटीतल्या कोणाची तरी मुलगी, मैत्रिणीचा भाचा, नाहीतर नर्सिंग होममध्ये आरएमओ म्हणून रात्रपाळ्या करत अभ्यास केलेला एखादा मुलगा. प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, या रँकला पुण्यात अ‍ॅनेस्थेशिया मिळतंय. घेऊ का? आणि ससून घेऊ, डीम्ड घेऊ की डीएनबी?" (ससून सरकारी, डीम्ड म्हणजे खासगी अभिमत विद्यापीठ, आणि डीएनबी म्हणजे रुग्णालयात राहून करायची पदव्युत्तर पदवी.) फोनवर आई असली तर पाठोपाठ, "पण त्यात स्वतःचं नाव होत नाही ना हो?" मी तुटक काहीतरी सांगते, कारण बहुतेक वेळा पुढचा पेशंट टेबलवर आलेला असतो. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

नावाचं आधी उरकते. नाही होत. तास-दोन तास पेशंटच्या उशाशी बसून त्याचा श्वास न् श्वास सांभाळायचा, आणि वॉर्डात गेल्यावर त्याने हात जोडायचे सर्जनला. स्पायनल (पाठीच्या कण्यात सुईने द्यायची भूल) द्यायला मी पाठीवर बीटाडीन लावत असते आणि पेशंट मलाच विचारतो, "मोठे डॉक्टर कधी येणार?" हे अजूनही होतं. ज्यांना पाटीवर नाव, दिवाळीला मिठाईचे बॉक्स आणि पेशंटच्या घरच्या लग्नपत्रिका हव्यात त्यांनी दुसरी शाखा बघावी, त्यात कमीपणा काही नाही. दुसरी बाजू अशी की ओपीडीसाठी गाळा नको, त्यासाठी कर्ज नको. पेशंट शुद्धीवर आला, रिकव्हरीत स्थिरावला, की उरलेला दिवस आपला.

स्वभावाचं काय, असंही विचारतात. "शांत स्वभाव लागतो" हे उत्तर मला अर्धवट वाटतं. मी ओळखते त्यातले निम्मे चांगले भूलतज्ज्ञ तापट आहेत. लागते ती काहीच घडत नसताना लक्ष न उडू देण्याची सवय. गॅसवरच्या दुधाशेजारी उभं राहायचा ज्याला कंटाळा येतो, त्याचंच दूध उतू जातं. मॉनिटरकडे पाठ करून फोन बघत बसणारा माणूस हुशार असला तरी या कामाचा नाही.

आता कुठे घ्यावं. पुण्यात पर्याय भरपूर आहेत. बी. जे. मेडिकल आणि ससून, पिंपरीत महापालिकेचं वायसीएम, धनकवडीचं भारती विद्यापीठ आणि पिंपरीचं डी. वाय. पाटील ही डीम्ड, नऱ्ह्याला आणि तळेगावला खासगी कॉलेजं, शिवाय रास्ता पेठेतलं केईएम, दीनानाथ, रुबी अशा रुग्णालयांमधलं डीएनबी. लष्कराच्या एएफएमसीचं गणित वेगळं, ते सोडून देऊ. सरकारीत फी कमी आणि नंतर एक वर्षाचा सरकारी सेवेचा बाँड. डीम्डची फी घराचा हप्ता वाटावा इतकी. डीएनबीची त्या मानाने किरकोळ, पण शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा परक्या केंद्रावर, जिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. हे सगळं माहितीपत्रकात मिळतं, त्यावर मी वेळ घालवत नाही.

माहितीपत्रकात नसतं ते असं. सरकारीत हात लवकर बसतो. अपघात, भाजलेले, अडलेल्या बाळंतिणी, सहा हिमोग्लोबिनवर उशिरा पोचलेले पेशंट हे सगळं पहिल्याच वर्षी पुढ्यात येतं. पंचवीस नंबरची स्पायनलची सुई एकेका थरातून जाताना बोटांना काय जाणवतं, शेवटचा तो बारीकसा 'टक्' आणि मग सुईच्या टोपीत उमटणारा पाण्यासारखा स्वच्छ थेंब, हे पुस्तकातून येत नाही. त्यासाठी पाठी लागतात, बारीक, जाड, बाकदार, कळा येत असल्यामुळे दोन मिनिटंही स्थिर न बसणाऱ्या. मोठ्या खासगी रुग्णालयात हृदयाच्या शस्त्रक्रिया, अवयव प्रत्यारोपण, उत्तम मॉनिटर, सोनोग्राफीखाली दिलेले ब्लॉक (एका भागापुरती भूल) हे बघायला मिळतं. पण 'बघायला' मिळतं, हे लक्षात ठेवा. पैसे भरून आलेल्या पेशंटच्या मानेतल्या मोठ्या शिरेत नळी (सेंट्रल लाइन) घालायला पहिल्या वर्षाच्या मुलाच्या हातात सुई कोण देणार? काही ठिकाणी देतात, शेजारी उभं राहून शिकवतात. ती ठिकाणं सोन्यासारखी, पण शोधावी लागतात.

म्हणून मुलं एकच प्रश्न विचारतात: "केसेस किती मिळतात?" मला हा प्रश्न फसवा वाटतो. एकट्याने शेकडो स्पायनल दिलेला मुलगा स्पायनल शिकतो आणि त्याच्याबरोबर चुकीच्या सवयीही पक्क्या करतो, कारण टोकणारं कोणी नसतं. मी उलट वेगळं विचारते. त्या रुग्णालयात अ‍ॅनेस्थेशिया विभागाने "आज ही केस नको" म्हटलं, तर ते चालतं का?

उदाहरण घ्या. संध्याकाळचे सात. पहिल्या वर्षाची रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) उद्याच्या लिस्टचं पीएसी (ऑपरेशनआधीची तपासणी) करत वॉर्डात फिरतेय. हर्नियाचा पेशंट, साठीचा. "बीपीची एक गोळी चालू आहे" म्हणतो. ती बायकोला पिशवी उघडायला सांगते. औषधाच्या पट्ट्या, रबर लावून ठेवलेल्या. त्यात अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या. मग खोदून विचारल्यावर घडी घातलेलं डिस्चार्ज कार्ड निघतं: तीन महिन्यांपूर्वी स्टेंट बसवलाय. सर्जन फोनवर म्हणतो, "अगं छोटासा हर्निया आहे, स्पायनल देऊन टाक, अर्ध्या तासात उरकतो."

पुस्तकातलं उत्तर तिला पाठ असतं. क्लोपिडोग्रेल चालू असताना स्पायनल दिली आणि मणक्याच्या पोकळीत रक्त साठलं, तर मज्जारज्जू दाबला जाऊन पाय जाऊ शकतात. गोळ्या थांबवल्या तर इतक्या नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. आणि हर्निया अडकलेला नाही, थांबू शकतो. म्हणजे थांबायचं. पण ही ओळ पीएसीच्या कागदावर लिहायची कोणी, आणि ती लिहिल्यावर सर्जनच्या युनिटशी बोलायचं कोणी?

चांगल्या विभागात ती ऑन-कॉल लेक्चररला फोन करते, ते स्वतः सर्जनशी बोलतात, हृदयरोगतज्ज्ञाचं मत मागवतात, केस पुढे ढकलली जाते, आणि दुसऱ्या दिवशी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) तिला कोणी टोमणा मारत नाही. दुसऱ्या प्रकारच्या विभागात लेक्चररचा फोन लागत नाही, आणि लागला तर उत्तर येतं, "बघ गं, जमवून घे." असा 'जमवून घे'चा विभाग कितीही केसेस देवो, मी तिथे माझ्या मुलीला पाठवणार नाही.

याच्या उलट टोकाचेही विभाग आहेत. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला इको, थोडं बीपी वाढलं की केस रद्द. वेल्ह्याहून दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस तिसऱ्यांदा परत पाठवायचा आणि वर "रिस्क कोण घेणार" म्हणायचं. तिथली मुलं सावध होत नाहीत, भित्री होतात, आणि स्वतंत्र काम करायची वेळ आली की हात कापतात. तोच स्टेंटवाला माणूस आतडं अडकून रात्री दोनला आला, तर "आज नको" म्हणायचा प्रश्नच नसतो. तेव्हा पोट भरलेलं आहे असं धरून चालायचं (नातेवाईक "फक्त चहा-बिस्कीट" म्हणतात, त्यामागे पोहेही असतात), सक्शन चालू करून उशीखाली ठेवायचं, श्वासनलिकेत घालायची ट्यूब एक नंबर लहान आणि ती आत सरकवायला लागणारी बूजी हाताशी ठेवायची, रक्त मागवायचं, सीनियरला बोलवायचं आणि जनरल (पूर्ण बेशुद्धीची भूल) द्यायची. माणूस तोच, स्टेंट तोच, आणि निर्णय उलटा. हा फरक ज्या विभागात रोजच्या रोज कोणीतरी बोलून दाखवतं, ती सीट घ्यावी.

मी यावर इतका जोर देते, कारण रेसिडेन्सीनंतर पुण्यात बरेच जण फ्रीलान्सिंग करतात. गाडीच्या डिकीत लॅरिंगोस्कोप (ट्यूब घालताना घसा दाखवणारं उपकरण), ट्यूब, औषधांचा डबा. सकाळी सातला हडपसर, अकराला कोथरूड, मध्ये सिंहगड रोडवर अडकलात तर सर्जनचे तीन मिस्ड कॉल. केस देतो सर्जन, पैसे येतात त्याच्या हातून, तेही बऱ्याचदा उशिरा. अशा वेळी "हा पेशंट या नर्सिंग होममध्ये नको, आयसीयू असलेल्या ठिकाणी हलवू" म्हणायला पोटापाण्याची किंमत मोजावी लागते. पुढच्या महिन्यात त्या सर्जनकडून फोन येत नाही, इतकं सरळ आहे ते. मागे अख्खा विभाग उभा असताना जे बोलायला शिकला नाहीत, ते एकटे असताना शिकाल ही आशा ठेवू नका. नोकरी हवी असेल तर मोठी रुग्णालयं आहेत. पुढे शिकायचं तर क्रिटिकल केअर आणि कार्डिअ‍ॅक अ‍ॅनेस्थेशियाचं डीएम (सुपरस्पेशालिटी पदवी) आहे, पेन क्लिनिकची वाटही आहे. आयसीयूत रमणाऱ्यांनी सीट निवडताना त्या विभागाकडे आयसीयू आहे की तो मेडिसिनच्या ताब्यात आहे, हे जरूर बघावं.

आता त्रासाचं. तीन वर्षं झोप मिळणार नाही. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातलेली आहे, आणि ती वाचून कुठल्याही जेआर-वनला (पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला) हसू येईल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत आठवड्याची एक सुटी आहे, ती प्रत्यक्षात मिळते का हे विचारायला लाजू नका. याच नियमांत तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढायचे असतात. मुलं कुरकुरतात, पण कमी साधनांत काम कसं करायचं ते तिथेच कळतं, आणि पुण्याचं, म्हणजे औंधचं जिल्हा रुग्णालय मिळालं तर घरचं जेवणही.

एका गोष्टीबद्दल घरचे कधीच विचारत नाहीत. आमच्या हाताशी फेंटॅनिल, केटामाइन, प्रोपोफॉल असतं. थकलेला, एकटा पडलेला माणूस आणि किल्ली त्याच्याच खिशात. जगभरात या औषधांच्या व्यसनाचा धोका या शाखेच्या ओळखीचा आहे. ज्या विभागात उरलेल्या औषधाची नोंद होते, दुसऱ्याच्या सहीने ते टाकलं जातं, आणि मुलगा गप्प गप्प झाला तर कोणीतरी चहाला घेऊन जातं, तो विभाग शिस्तीचा आणि माणसांचाही. वेबसाइटवर हे लिहिलेलं नसतं.

मग कळणार कसं? जाऊन बघा. जेआर-वनला विचारू नका, तो रडवेला असतो. जेआर-थ्रीला विचारू नका, त्याला सगळं विसरायचं असतं. जेआर-टूला गाठा, संध्याकाळी, कँटीनमध्ये, एकट्याला. रात्री ट्यूब पडली नाही तर शेजारी येऊन कोण उभं राहतं, किती मिनिटांत? शेवटची केस सर्जनच्या मनाविरुद्ध पुढे कधी ढकलली, आणि नंतर काय झालं? कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) प्रत्येक टेबलला आहे का, की इमर्जन्सी ओटीत "येणार आहे"? मास्क आणि बॅगने श्वास द्यायला किती दिवस शिकवलं? हा शेवटचा प्रश्न मुद्दाम. सगळ्यांना घाई लॅरिंगोस्कोपची असते, पण पेशंट वाचतो तो बहुतेक वेळा धड लावलेल्या मास्कमुळे. जिथे हनुवटी उचलून मास्क धरायला आधी नीट शिकवतात, तिथे बाकीचंही नीट शिकवतात असा माझा अनुभव आहे.

आणि पुणंच हवं हा हट्ट सोडा. वर लिहिलेल्या प्रश्नांची उत्तरं मिरजेच्या किंवा सोलापूरच्या सरकारी कॉलेजात बरी मिळाली, तर चॉइस भरताना ते पुण्यातल्या 'जमवून घे' सीटच्या वर टाका. तीन वर्षांनी परत आलात तरी इथली नर्सिंग होम्स इथेच असतील. "पण इतकं लांब?" असं आई विचारतेच. सोलापूरहून सकाळी हुतात्मा एक्सप्रेस आहे. आणि पहिल्या वर्षी तसंही धनकवडीहून कोथरूडला घरी यायला मिळत नाही.