पांघरुणावरचा सरडा

शनिवार, रात्री सव्वाबारा

'पीपिंग टॉम' संपून तास झाला. अनू केव्हाच झोपली. मला झोप येत नाही, म्हणून वही काढली.

मायकेल पॉवेलचा १९६० सालचा ब्रिटिश सिनेमा. मार्क लुईस लंडनच्या एका स्टुडिओत कॅमेऱ्याचा फोकस सांभाळतो. वडिलांच्या मागे राहिलेल्या घरात भाडेकरू ठेवून स्वतः वरच्या मजल्यावर राहतो. लाजरा, हळू बोलणारा. आणि तोच कॅमेऱ्याच्या तिपाईच्या पायात लपवलेल्या पात्यानं बायकांना मारतो. मरतानाचे त्यांचे चेहरे चित्रित करतो आणि रात्री खोलीत एकटा बघत बसतो.

याला दुहेरी आयुष्य म्हणतात. मला मात्र दोन मार्क दिसलेच नाहीत. त्याचा मवाळपणा हा मुखवटा नाही, तो खराच घाबरलेला आहे. खालच्या मजल्यावरच्या हेलनच्या एकविसाव्या वाढदिवशी तो तिला एक जुनी फिल्म दाखवतो. मार्कचे वडील शास्त्रज्ञ, भीतीचा अभ्यास करणारे. झोपलेल्या मुलाच्या डोळ्यांवर उजेड, पांघरुणावर सरडा, पोर रडतंय आणि बाप चित्रण करतोय. आईच्या मृत्यूशय्येपाशीही कॅमेरा आहेच! हेलन म्हणते, बंद कर. मीही तेच म्हणत होते.

नंतर वाचलं, तो बाप खुद्द पॉवेलनं केलाय आणि छोटा मार्क म्हणजे त्याचाच मुलगा. हे वाचल्यापासून जास्तच अस्वस्थ आहे.

सगळं खापर बापावर फोडणं जरा सोपं झालंय असं वाटतं. असा बाप वाट्याला आलेली सगळीच मुलं खुनी होत नाहीत. पण हेलनच्या अंध आईचे प्रसंग मी विसरणार नाही. मार्कला ओळखते ती एकटीच, त्याच्या पावलांवरून. इतक्या हलक्या पावलांनी चालणाऱ्या माणसावर तिचा भरवसा नाही. डोळस माणसं त्याच्याशी रोज बोलतात आणि त्यांना काही कळत नाही.

तेव्हाच्या समीक्षकांनी सिनेमा इतका झोडपला की पॉवेलची ब्रिटनमधली कारकीर्दच कोलमडली. पुढे १९७९ मध्ये अमेरिकी दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीच्या खटपटीनं तो सिनेमा पुन्हा लोकांसमोर आला.

मघाशी मोबाइल उघडला. अनूच्या इंजेक्शनच्या दिवशीचा व्हिडिओ. घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा सगळे हसले होते. आज नीट आवाज लावून पाहिला. ती हुंदके देतेय आणि मी हसत म्हणतेय, "अनू, इकडे बघ, इकडे!" आणि ती रडत रडत बघतेय. दुसरा हात माझ्याकडे पुढे केलाय तिनं. मी तो धरलेला नाही, कारण माझ्या हातात मोबाइल होता.